काळाच्या माथी खापर

मराठी भाषेत एक मोठे सोयीचे वाक्य रूढ झाले आहे. ‘काळाच्या ओघात बंद पडली.’ गिरणी बंद पडली, काळाच्या ओघात. नाटक मंडळी बुडाली, काळाच्या ओघात. कोपऱ्यावरचे वाचनालय उठले आणि तिथे मोबाइलचे दुकान थाटले गेले, तेही काळाच्याच ओघात! हा काळ नावाचा गृहस्थ मला एकदा प्रत्यक्ष भेटायला हवा आहे. कारण जगातल्या कोणत्याही पोलीस चौकीत एका माणसाच्या नावावर इतके गुन्हे दाखल नसतील. आणि इतके असूनही बापडा आजवर एकदासुद्धा पिंजऱ्यात उभा राहिलेला नाही. त्याचे वकीलपत्र कोणी घेत नाही, म्हणून ते मी घेतो आहे.

दावा एका सायकल शर्यतीचा आहे. शर्यत इटलीतली, नाव ‘त्रोफेओ बाराक्की’, म्हणजे बाराक्की करंडक. १९४१ साली सुरू झाली, १९९१ साली संपली. फराळाचे ताट मांडीवर घेऊन अंक चाळणाऱ्या वाचकाने लगेच पान उलटू नये. ही शर्यत मी सोलापुरातून बोलतो आहे म्हणूनच सांगतो आहे, आणि ती सांगायची पाळी माझ्यावर आमच्या सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळाने आणली आहे.

झाले असे की, सोलापूर ते तुळजापूर अशी सायकलींची जोडीची शर्यत वर्षातून एकदा भरवावी, अशी सूचना मी मंडळात मांडली. त्यावर आमच्यातले एक निवृत्त हिशेबनीस, आपण त्यांना अण्णा म्हणू, डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, “मास्तर, ही जोडीची शर्यत तुम्ही कुठून काढली?” मी म्हणालो, “इटलीतून.” “आणि ती आहे का चालू?” मी म्हणालो, “नाही.” “मग झाले तर! जी शर्यत तिच्या माहेरी टिकली नाही, तिचे श्राद्ध तुम्ही सोलापुरात कशाला घालता? रहदारी वाढली, पैसा कोणी देत नाही, काळ बदलला. इटलीचे आणि आपले नाते तरी काय?”

नात्यापुरते तेवढे आधी सांगून टाकतो. माणगावकडचा नाईक यशवंत घाडगे हा मराठा पलटणीतला जवान १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात शत्रूच्या ठाण्यावर एकटा चालून गेला आणि तिथेच पडला. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि २०२३ साली तिथल्या मोंतोने गावाने त्याच्या नावाचे स्मारकही उभारले. तेव्हा अण्णा, इटलीची माती अगदीच परकी आहे असे समजू नका. आता शर्यतीकडे वळू.

मिलानच्या ईशान्येला, आल्प्सच्या पायथ्याशी बेर्गामो नावाचे शहर आहे. तिथल्या मिनो बाराक्की या गृहस्थाने आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ ही शर्यत सुरू केली. आपल्याकडे वडिलांच्या नावाने पाणपोई घालतात, धर्मशाळेत एक खोली बांधतात; या पठ्ठ्याने सायकलस्वारांना रस्त्यावर आणले. आरंभी ती हौशी तरुणांची साधी शर्यत होती. १९४९ पासून तिने आपले खरे रूप घेतले : धंदेवाईक सायकलपटूंची, जोडीची, घड्याळाविरुद्धची शर्यत. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास.

यातली खुबी सायकल न चालवणाऱ्यालाही समजावी म्हणून जरा विस्ताराने सांगतो. सगळ्या जोड्या एकदम सुटत नाहीत. एक जोडी सुटते, काही मिनिटांनी दुसरी, मग तिसरी. पुढचा दिसत नाही, मागचा दिसत नाही. वैरी दिसायचा तो फक्त घड्याळात. वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराचा खरा शत्रू म्हणजे वारा. त्याची सगळी ताकद वारा कापण्यात जाते. त्याच्या मागच्या चाकाला अगदी चिकटून जो चालतो, त्याला मात्र त्या आडोशामुळे पुष्कळ कमी जोर लावावा लागतो. म्हणून दोघे आळीपाळीने पुढे होतात. एकाने वारा खायचा, दुसऱ्याने दम खायचा, पुन्हा अदलाबदल. असे दोन तासांहून अधिक वेळ, ताशी पंचेचाळीस किलोमीटरच्या आगेमागे. आणि वेळ मोजायची ती दुसरा गडी पोचल्यावर! एकटा पुढे पळून गेलात तर ते पळणे फुकट. ज्याने संसार केला आहे त्याला या शर्यतीचे नियम निराळे समजावून सांगायला नकोत.

या शर्यतीत कोण धावले? फाउस्टो कोप्पी धावला. इटलीत त्या काळी कोप्पीला जे स्थान होते, ते आपल्याकडे क्रिकेटमधल्या एखाद्या देवाला असते. १९५३ साली तो धंदेवाईकांचा जगज्जेता झाला. त्याच वर्षी रिकार्डो फिलिप्पी हा हौशी गटाचा जगज्जेता झाला. त्या वर्षी दोन जगज्जेत्यांची ही जोडी बाराक्की जिंकून गेली, आणि पुढची दोन वर्षे, १९५४ आणि १९५५, तीच जोडी पुन्हा जिंकली. १९५७ साली कोप्पी अडतीस वर्षांचा झाला होता. त्या वयात त्याने चोविशीतल्या एर्कोले बाल्दिनीबरोबर ही शर्यत आणखी एकदा मारली. कोप्पीच्या आयुष्यातला तो शेवटचा मोठा विजय. पुढे दोनच वर्षांनी तो आफ्रिकेतल्या अप्पर व्होल्टा देशात गेला, तिथून हिवताप घेऊन आला, आणि २ जानेवारी १९६० रोजी चाळिसाव्या वर्षी गेला. ज्या दुखण्याला आपल्याकडचा खेड्यातला कंपाउंडरही ओळखतो, ते इटलीच्या डॉक्टरांना वेळेवर ओळखता आले नाही.

पण बाराक्कीची सगळ्यांत गाजलेली कथा १९६२ सालची. फ्रान्सचा जाक आंकेतील आणि जर्मनीचा रुडी आल्टिग. आंकेतील म्हणजे घड्याळाविरुद्धच्या शर्यतीचा बादशहा. त्याच वर्षी त्याने फ्रान्सची प्रचंड शर्यत तिसऱ्यांदा जिंकलेली. जोडी लागली तेव्हा पैजा कुणाच्या बाजूने लागल्या असतील ते सांगायला नको. पण त्या दिवशी बादशहाचे पाय गेले. आल्टिग पुढे होऊन ओढत होता आणि आंकेतीलला त्याच्या चाकामागे राहणेसुद्धा जड झाले होते. त्याची पुढे येण्याची पाळी आली की त्याला येववेना. एकटा सुटावे तर नियम आडवा. दुसरा पोचल्याशिवाय वेळ नाही. तेव्हा आल्टिगने काय केले? तो मागे सरकायचा, आंकेतीलच्या पाठीवर हात टेकायचा आणि त्याला चालत्या सायकलीवर पुढे ढकलायचा. मग स्वतः पुन्हा जोर मारून पुढे, वारा कापायला. त्याच वेळी तोंडाने त्याच्यावर ओरडतही होता. जगातल्या अव्वल सायकलपटूला, हजारो लोकांच्या देखत, जोडीदार लहान पोरासारखा ढकलत नेतो आहे! शर्यत ज्या मैदानात संपायची होती, त्याच्या तोंडाशी आंकेतीलला वळण दिसलेच नाही. तो सरळ जाऊन धडकला आणि रक्तबंबाळ झाला. त्याला इस्पितळात न्यावे लागले. आणि शर्यत? वेळ मैदानाच्या प्रवेशाशीच मोजली गेली होती. जिंकली तीच जोडी, अगदी थोड्या सेकंदांनी.

मला एवढेच पुसायचे आहे की, ज्या शर्यतीने हा देखावा जगाला दाखवला, ती ‘आपोआप’ संपली, हे कोणाच्या गळी उतरेल?

पुढे या शर्यतीत एडी मेर्क्स आला. १९६६ आणि १९६७ साली तो फेर्दिनांद ब्राकेबरोबर जिंकला, १९७२ साली रोजे स्वेर्त्सबरोबर. फ्रांचेस्को मोझेर तर पाच वेळा जिंकला आणि पाचही वेळा निराळ्या जोडीदाराबरोबर. १९७९ साली त्याचा जोडीदार होता ज्युझेप्पे सारोन्नी. या दोघांचे हाडवैर इटलीभर गाजत होते. घराघरात मोझेरवाले आणि सारोन्नीवाले असे तट पडलेले. त्या दोघांना बाराक्कीने एका जुवाखाली जुंपले, आणि ते जिंकले! १९८४ साली मोझेरच्या जोडीला फ्रान्सचा बेर्नार इनो. आमच्या नगरपालिकेच्या राजकारणातसुद्धा इतक्या चमत्कारिक युती झालेल्या नाहीत.

आता अण्णांच्या तीन मुद्द्यांपैकी पहिला : रहदारी. अण्णा, बेर्गामोत मोटारी नाहीत काय? ‘लोम्बार्दिया’ नावाची थोरली शर्यत १९०५ पासून त्याच मुलखात चालू आहे, आणि अलीकडे कित्येकदा तिचा शेवट बेर्गामोतच झाला आहे. त्या दिवशी तिथले रस्ते बंद होतात आणि लोक कठड्यांवर बसून डबे सोडतात. ज्या गावाला एका शर्यतीसाठी रस्ता सापडतो, त्याला दुसरीसाठी सापडत नाही असे कसे म्हणावे? तेव्हा रहदारीने बाराक्की मारली, हा आरोप खारीज.

दुसरा मुद्दा, काळाचा. मिलान ते तोरिनो ही शर्यत पहिल्यांदा भरली १८७६ साली. इतकी जुनी शर्यत, पण २००८ ते २०११ अशी चार वर्षे भरलीच नाही. शहाण्यांनी मान हलवली असेल, ‘काळाच्या ओघात’ म्हणून. २०१२ साली ती पुन्हा भरली. काळ त्या चार वर्षांत उलटा वाहिला की काय? आपल्या मुंबई–पुणे शर्यतीचेच पाहा. खंडाळ्याचा घाट जो पहिला चढेल त्याला ‘घाटांचा राजा’ म्हणायचे, ही केवढी मोठी पदवी! ती शर्यतही मध्ये बंद पडली आणि पुन्हा भरली. घाट तोच, चढ तोच. मधल्या वर्षांत घाट सपाट झाला नव्हता. कोणीतरी थकले होते, पुन्हा कोणीतरी उठले, एवढेच.

मग बाराक्की गेली कशाने? माझे मत असे. धंदेवाईक सायकलपटूच्या अंगावर ज्याच्या मालाची जाहिरात, तो त्याचा धनी. मोझेर एका धन्याचा, इनो दुसऱ्याचा. दोघे मिळून जिंकले तर जाहिरात कोणाची? धन्यांना जोडी परवडेनाशी झाली. त्यात १९८९ साली सायकलींच्या जागतिक संघटनेने निवडक शर्यतींचा ‘विश्वचषक’ काढला. गुण तिथे, पैसा तिथे, म्हणून मोठे गडीही तिथे. हंगामाच्या अखेरीस, पाने गळण्याच्या दिवसांत भरणारी ही शर्यत कडेला पडली. शेवटी १९९१ साली जी भरली ती जोडीची नव्हतीच, एकेकट्याची होती. म्हणजे आधी तिच्यातली जोडी काढून घेतली आणि मग म्हणाले, आता हिच्यात राहिले काय? ही माणसांनी टेबलाशी बसून केलेली कामे आहेत. यात काळाचा संबंध इतकाच की, त्या बैठकांना तारखा होत्या.

राहिला तिसरा मुद्दा, पैसा. अण्णांचा हा हुकमाचा पत्ता, कारण त्यांचे सारे आयुष्य खतावणीत गेले. म्हणून त्यांना त्यांच्या हातातल्याच वस्तूचा दाखला देतो. काशीनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला तो १९०९ साली. इटलीची थोरली ‘जिरो’ शर्यत पहिल्यांदा सुटली तीही १९०९ सालीच, आणि ती काढली एका वर्तमानपत्राने, ‘गाझेत्ता देल्लो स्पोर्त’ने. प्रतिस्पर्धी पत्र तसलीच शर्यत काढणार अशी कुणकुण लागली, म्हणून यांनी घाईने आधी जाहीर करून टाकली. खप वाढवायचा हेतू होता. संतपणाचा आव मी त्यांच्या वतीने आणत नाही. ती पहिली शर्यत जिंकणारा लुइजी गान्ना मूळचा गवंडी. तर अण्णा, एकाच वर्षी एक कागदाचा आणि एक चाकांचा असे दोन वार्षिक उत्सव जन्माला आले. शंभरावर वर्षे झाली, दोन्ही चालू आहेत. दरसाल दिवाळी अंकाचा संपादक कपाळाला हात लावून म्हणतो, यंदाचा शेवटचा. आणि पुढच्या वर्षी तुमच्या टेबलावर अंक येतो! तो कोणत्या खतावणीतून येतो, हे जरा मला काढून दाखवा.

सोलापूर आणि सायकल हा विषय निघाला की माझा आवाज चढतो, हे खरे. या गावाला सायकलीवर मोठे झालेले गाव म्हणावे लागेल. गिरणीचा भोंगा झाला की दरवाजातून सायकलींचा जो लोंढा बाहेर पडायचा, तो ज्याने पाहिला त्याला मी काय म्हणतो ते कळेल. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चार भाषांतल्या घंट्या एकदम वाजायच्या. माझे वडील साचेखात्यात होते. त्यांच्या सायकलीच्या आडव्या नळीखालून पाय घालून मी चालवायला शिकलो, आणि सुटीत चार आणे तासाने भाड्याची सायकल घेऊन होटगीच्या रस्त्याला पळत असे. १९४८ सालचा देसिकाचा ‘सायकल चोर’ सिनेमा पुढे पाहिला तेव्हा त्यातला तो हवालदिल बाप मला अजिबात परका वाटला नाही. सायकल गेली म्हणजे कामगाराची पाळी गेली, हे आम्हाला सिनेमाने शिकवावे लागले नाही.

गिरण्या एकेक करून बंद झाल्या. तेव्हाही हेच वाक्य ऐकले, ‘काळाच्या ओघात.’ ज्यांच्या घरात चूल पेटायची थांबली त्यांना सह्या कोणी केल्या हे ठाऊक होते. पण ते वाक्य इतक्या वेळा, इतक्या भारदस्त तोंडांतून आले की हळूहळू त्यांची मुलेही तेच म्हणू लागली. या वाक्याचा मला राग आहे तो यासाठी. ते गुन्हेगाराला सोडते आणि फिर्यादीला गप्प बसवते.

आणि आता रस्त्याचे घ्या. आजही शाळेची मुलगी सायकलवरून जाते, यंत्रमागावरचा कामगार जातो, दूधवाला जातो. जातात कसे? कडेच्या मातीतून. मागून हॉर्न वाजला की चाक डांबरावरून खाली घ्यायचे, हे त्यांना कोणी शिकवलेले नाही. ते अंगवळणी पडले आहे. शर्यत म्हणजे दुसरे काय असते? वर्षातल्या एका सकाळी दोन-तीन तास सायकल रस्त्याच्या मधोमध चालते आणि मोटार कडेला थांबते, एवढेच. बक्षीस, हारतुरे, पुढाऱ्याचे भाषण हे सगळे मागाहून. ज्या पोरीने ते एकदा पाहिले, ती दुसऱ्या दिवशी शाळेला जाताना हॉर्न ऐकून खाली उतरेल की नाही, हे मला पाहायचे आहे. बाराक्की गेल्याचे दुःख बेर्गामोच्या लोकांनी करावे. माझे भांडण या सकाळीसाठी आहे.

“पण रस्ता बंद कोण करू देईल?” असे अण्णा विचारतात. अण्णा, कोजागिरीला तुम्ही कोठे असता? सोलापूरहून तुळजापूरला त्या रात्री माणसांचा पूर लोटतो. बाया-बापड्या, पोरे, अनवाणी, आईचा उदो उदो करीत चालतात, आणि त्यांच्यासाठी तोच चौपदरी महामार्ग मोटारींना बंद करून वाहतूक दुसरीकडे वळवतात. वर्षानुवर्षे वळवतात. संक्रांतीला सिद्धेश्वराचे नंदिध्वज निघतात तेव्हा शहरातला रस्ता कोणाचा असतो? तिथे कोणी रहदारीचे रडगाणे गात नाही, आणि गाऊही नये. म्हणजे रस्ता बंद होऊ शकतो. लोकांना हवा असला की होतो.

हवा असणे म्हणजे काय, हेही याच महाराष्ट्राने दाखवले आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यती बंद केल्या. ही बंदी काही ओघात वगैरे आलेली नव्हती. देशातल्या सर्वांत मोठ्या न्यायालयाची होती. बैलांच्या हालांचा प्रश्न खरा होता, आणि त्यावर माझे मत गावच्या गाडामालकांना आवडणारे नाही. पण ते गडी घरी बसले नाहीत. मोर्चे काढले, वकील लावले, २०१७ साली राज्याचा कायदा बदलून घेतला, तो अडला तरी धीर सोडला नाही. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळवली आणि मे २०२३ मध्ये ती कायम करून घेतली. बैलाच्या शर्यतीसाठी नऊ वर्षे लढणारी ही माणसे! आणि सायकलीच्या शर्यतीवर ना कोर्टाची बंदी, ना कायद्याची आडकाठी, ना कोणा मुक्या जिवाचे हाल. धावतो तो आपल्या पायाने, दमतो तो आपल्या छातीने. तिच्यासाठी एक अर्ज लिहायचा म्हटले तर मंडळातले अकरा जण चहाचे पैसे देऊन उठले.

बाराव्याने, म्हणजे मी, अर्ज लिहिला आहे. त्यात मागणी अशी : दिवाळीच्या सुटीतला एक रविवार. रूपाभवानीच्या देवळापासून पहाटे सहाला सुटायचे, तुळजापूरचा घाट चढून संपवायचे. पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास. सकाळी नऊपर्यंत रस्ता सायकलींचा. जोड्या दोन-दोन मिनिटांनी सुटतील. वेळ दुसऱ्या गड्याची धरली जाईल. साधी, घरची, दूध घालायची सायकल चालेल. गिअर असलेल्यांचा गट वेगळा. मुलींच्या जोड्या, बाप-लेकीच्या जोड्या, सासू-सुनेची निघाली तर तिला पहिला क्रमांक न धावताच. घाटात जोडीदाराला पाठीवर हात लावून ढकलण्यास पूर्ण मुभा, तिथे आल्टिगचा नियम लागू. बक्षीस म्हणून सोलापुरी चादर आणि शेंगाचटणीची बरणी, म्हणजे अण्णांना हिशेब ठेवायला जड जाणार नाही.

अर्जाखाली सूचकाची सही माझी आहे. अनुमोदकाची जागा मोकळी ठेवली होती. परवा अण्णांनी तो कागद मागून घेतला, चष्मा खाली ओढला, दोनदा वाचला, ‘पंचेचाळीसच्या आसपास’ म्हणजे नक्की किती ते आधी मोजून आणा म्हणाले, आणि कागद घडी करून आपल्या खिशात घातला.